इंग्रजीच्या बाई की फॉरेनचे सर? काय करावे, काय टाळावे

स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा फ्लेक्स लांबूनही ओळखू येतो. टाय लावलेला एक गोरा, हसरा चेहरा, खाली ‘नेटिव्ह ट्रेनर’ अशी ठळक अक्षरं, आणि शेजारच्या क्लासपेक्षा चढी फी. चौकशीला आलेल्या कुणालाही विचारा, शिकवायला कोण हवं? उत्तर ठरलेलं असतं, “फॉरेनचं कुणी असेल तर बरं.” त्याच माणसाला दोन महिन्यांनी विचारा, काळ कुणी समजावले? तेव्हा तो भलत्याच माणसाचं नाव घेतो. शिक्षकांबद्दल विद्यार्थ्यांचं मत एकच एक नसतं. आपण काय विचारतो आणि कधी विचारतो, यावर ते हलतं. पुढची सगळी यादी एवढ्याच निरीक्षणातून आलेली आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी आणि आदर्श शिक्षक म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा, ही समजूत आभाळातून पडलेली नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनाबद्दल परिषद झाली, तिथून ती धोरण म्हणून जगभर गेली. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरिअ‍ॅलिझम’ या पुस्तकात तिची चिरफाड केली आणि तिला सरळ भ्रम म्हटलं. पुस्तक गाजलं. फ्लेक्स मात्र जिथे होते तिथेच आहेत.

शिकणाऱ्यांनी

करा: आधी काम ठरवा, मग माणूस शोधा. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे? दहावीच्या पेपरात काळ चुकतात? की टोरांटोच्या ऑफिसबरोबरची मीटिंग डोक्यावरून जाते? या तीन अडचणींना एकच शिक्षक पुरेल असं नाही. अहमर महबूब यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले. २००४ साली ते काम प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांनी नेटिव्ह शिक्षकांना बोलणं, शब्दसंपत्ती आणि तिकडच्या चालीरीती यांचं श्रेय दिलं, पण व्याकरण समजावणं आणि शंकांना धड उत्तर देणं यात ते कमी पडतात असंही लिहिलं. नॉन-नेटिव्ह शिक्षकांबद्दल उलटं: बोलण्यात डावे, पण व्याकरणात पक्के, कष्टाळू, आणि स्वतः या वाटेने गेलेले. स्पेनच्या बास्क प्रांतात लासागाबास्तेर आणि सिएरा यांनी विद्यापीठातल्या मुलांना विचारलं तेव्हा उच्चार आणि संभाषणासाठी कौल नेटिव्हकडे झुकला, पण ‘दोघेही असतील तर उत्तम’ हा पर्याय मुलांना जास्त भावला. आपल्याकडच्या ‘कोण हवं?’ या प्रश्नात हा पर्यायच नसतो.

टाळा: डोळ्यांनी उच्चार ऐकणं. १९९२ साली डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. एकाच बाईंच्या आवाजातलं चार मिनिटांचं व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकवलं. बाई ओहायोत वाढलेल्या, इंग्रजी ही त्यांची मातृभाषाच. काही विद्यार्थ्यांना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. टेप तीच, शब्द तेच. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्यात परका हेल ऐकू आला, आणि ऐकलेलं कितपत कळलं याच्या चाचणीतही ते मागे पडले. हा मुद्दा नीट बघा: चेहऱ्यामुळे नुसतं मत बिघडलं नाही, ऐकणंच बिघडलं. ‘त्या मॅडमचं काही कळत नाही’ म्हणण्याआधी एकदा त्यांचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐका.

टाळा: हेल आणि आकलन यांची गल्लत. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली कॅनडात दाखवलं की हेल असणं वेगळं, ऐकणाऱ्याला कष्ट पडणं वेगळं आणि बोललेलं न कळणं वेगळं. दणदणीत हेल असलेलं बोलणंही शंभर टक्के कळू शकतं. आयेल्ट्सच्या बोलण्याच्या परीक्षेत चार निकष असतात आणि उच्चार हा त्यातला एक. तिथेही परीक्षक पाहतो ते बोलणं समजतं का हे. तुम्ही साताऱ्याचे आहात हे बोलण्यातून कळलं, म्हणून गुण जात नाहीत. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची आपसातली इंग्रजी संभाषणं तपासली. ‘थिंक’मधला थ आपण दंत्य काढला तर समोरच्याचं काही अडत नाही, पण ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच काढले तर अडतं. ऱ्हस्वदीर्घाच्या वेलांट्यांवरून ज्यांनी शाळेत मार खाल्ला, त्यांना हे ऐकून बरं वाटावं.

करा: ‘का?’ हा प्रश्न आपल्या बाईंना विचारा. मराठी मुलगा हटकून एक वाक्य बोलतो: “आय हॅड गॉन टू कोल्हापूर यस्टर्डे.” लंडनहून आलेला शिक्षक ते ऐकून थांबतो. हॅड गॉन, म्हणजे आणखी कशाच्या तरी आधी? कशाच्या? तो पुढच्या वाक्याची वाट पाहतो, आणि पुढचं वाक्य येत नाही. मग तो “वेंट” असं दुरुस्त करतो आणि मुलगा “येस सर” म्हणतो. पुढच्या सोमवारी ‘हॅड गॉन’ पुन्हा हजर. मराठी शाळेतून आलेल्या बाईंना ही चूक कुठून येते ते लगेच दिसतं. मुलाच्या डोक्यात ‘काल कोल्हापूरला गेलो होतो’ हे वाक्य तयार असतं. त्यातल्या ‘होतो’ला इंग्रजीत काहीतरी द्यायला हवं म्हणून तो ‘हॅड’ देतो. बाई फळ्यावर दोन वाक्यं लिहितात: ‘काल कोल्हापूरला गेलो होतो’ आणि ‘मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती’. मराठीत दोन्हीकडे ‘होतो-होती’ आहे. इंग्रजीत हॅड फक्त दुसऱ्यात लागतो, कारण तिथे पोचण्याच्या आधी जाणं घडलंय. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते करायला मराठी यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, ज्याची मातृभाषा आहे त्याला व्याकरण येणारच की. स्वतःवर प्रयोग करून बघा. आपण सगळे मराठीचे नेटिव्ह. ‘मी घरी गेलो’ म्हणणारा मुलगा ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो, ‘खाल्लो’ का म्हणत नाही? खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’, कुणी ठरवलं? उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतून शनिवार-रविवारी शिकवायला उभे राहणारे आईबाबा यातून जातात. भाषा तोंडात इतकी मुरलेली की चूक कानाला लगेच टोचते, पण वर्गातली दहा वर्षांची मुलगी ‘व्हाय?’ म्हणाली की “असंच म्हणतात गं” याच्या पुढे गाडी सरकत नाही. ज्यांनी व्याकरणातलं प्रयोगाचं प्रकरण शाळेत मन लावून वाचलं होतं, ते तरून जातात. इंग्रजीचा नेटिव्ह शिक्षक तुमच्या वर्गात याच जागी उभा असतो.

करा: ‘असं म्हणतात का?’ हा प्रश्न नेटिव्हला विचारा. इथे त्याच्याइतका कामाचा माणूस नाही, आणि नेमकी इथेच त्याची विद्या वाया जाते. ‘मायसेल्फ सचिन’ ऐकून तिकडच्या माणसाला काय वाटतं? ‘काइंडली डू द नीडफुल’ त्याला उद्धट वाटतं, जुनाट वाटतं की नुसतंच गमतीचं? ‘डिस्कस अबाउट’ खटकतं का? साहेबाला नाही म्हणायचं असेल तर ईमेलची सुरुवात कशी करतात? व्याकरणाच्या पुस्तकात यातलं फारसं सापडत नाही, आणि आपल्या शिक्षकाने तिकडच्या ऑफिसात दिवस काढलेले नसतील तर त्यालाही अंदाजच बांधावा लागतो. वहीत अशा वाक्यांसाठी एक पान राखून ठेवा आणि ते पान घेऊनच वर्गात बसा. नुसत्या “हाऊ आर यू, फाइन थँक यू” गप्पांसाठी चढी फी मोजणं मला तरी परवडत नाही.

टाळा: नेटिव्ह म्हणजे कोण, हे पासपोर्टवरून ठरवणं. ग्लासगोचा, टेक्सासचा आणि डर्बनचा माणूस एका खोलीत बसवला तर त्यांना एकमेकांसाठी बोलण्याचा वेग कमी करावा लागतो. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी इंग्रजी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, लाखाहून अधिक. वांद्र्यात घरी इंग्रजीच बोलणारं कुटुंब सापडायला शोध घ्यावा लागत नाही. पण त्या घरातली मुलगी शिकवायला उभी राहिली तर फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली ‘नेटिव्ह’ असं कुणी छापत नाही. थॉमस पैकडे हे केरळात जन्मलेले, कॅनडात स्थायिक झालेले कोशकार. त्यांनी १९८५ साली एक पुस्तकच काढलं होतं, ज्याच्या नावात ‘नेटिव्ह स्पीकर’ मेल्याची घोषणा होती. युरोपीय परिषदेने भाषापातळ्यांच्या आपल्या चौकटीची २०१८ साली फेरमांडणी केली, तेव्हा पातळ्यांच्या वर्णनांतून ‘नेटिव्ह स्पीकर’ हा मापदंड काढून टाकला. बाजाराच्या कानावर अजून दोन्ही गेलेलं नाही.

टाळा: डेमो लेक्चरवर निकाल लावणं. पहिल्या तासाला हसरा, मोकळा, विनोद करणारा शिक्षक जिंकतो. लूसी मूसू यांनी २००२ साली अमेरिकेतल्या एका इंग्रजी केंद्रातल्या विद्यार्थ्यांची मतं सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा घेतली. नॉन-नेटिव्ह शिक्षकांबद्दलचं मत दरम्यान सुधारलेलं होतं. निदान महिनाभर जाऊ द्या. पैसे भरायचे असतील तर महिन्याच्या बोलीने भरा. वर्षाची फी आगाऊ घेऊन सवलत देणारा क्लास तुमच्या पहिल्या दिवसाच्या मतावरच जगतो.

टाळा: “सर, तुम्ही कुठल्या मीडियमचे?” हा प्रश्न. त्याऐवजी “तुम्ही इंग्रजी बोलायला कसे शिकलात?” असं विचारा. मिळेल ते उत्तर लिहून घ्या, बरंच कामाचं निघतं.

पालकांनी

आपल्याकडे खरी उतरंड गोरा आणि काळा अशी फार थोड्या ठिकाणी असते. ती असते कॉन्व्हेंटची मिस आणि झेडपीच्या बाई अशी. गोरा शिक्षक बहुतेकांना फ्लेक्सवरच भेटतो. मिस आणि बाई मात्र रोज भेटतात, आणि मुलाच्या डोक्यात ‘कुणाची इंग्रजी खरी’ हे याच दोघींवरून ठरतं.

टाळा: मुलासमोर बाईंच्या उच्चारांची नक्कल. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी आली. तोवर ती पाचवीत यायची. म्हणजे ज्यांनी स्वतः पाचवीत ए-बी-सी गिरवली, त्याच गुरुजींना आणि बाईंना एका उन्हाळ्यानंतर पहिलीच्या मुलांशी इंग्रजीत बोलायला उभं केलं गेलं. त्यांचा ‘स्नेक’ आणि ‘स्नॅक’ एक होत असेल, होऊ दे. मूल ते यूट्यूबवर दुरुस्त करून घेतं. बाईंना इंग्रजी येत नाही, असं घरात ऐकलेलं मूल मात्र त्या तासाला कान बंद करून बसतं, आणि त्यावर यूट्यूबवर उपाय नाही.

करा: वही बघा, उच्चार नको. महिन्यात मुलाने स्वतःच्या मनाने किती वाक्यं लिहिली? फळ्यावरून उतरवलेली सोडून. कॉन्व्हेंटच्या वहीतही कधीकधी हा आकडा शून्य असतो.

टाळा: घरी फक्त इंग्रजीची सक्ती. आईला येत नाही, बाबांना ऑफिसपुरती येते, आजीला अजिबात नाही. मग घर मुकं होतं.

शिकवणाऱ्यांनी

करा: आपलं भांडवल ओळखा. हंगेरीतले पेटर मेद्येश यांनी १९९४ साली ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ लिहिलं. ते स्वतः नॉन-नेटिव्ह शिक्षक. त्यांची यादी आजही खरी आहे: असा शिक्षक भाषा शिकून यशस्वी झाल्याचं जिवंत उदाहरण असतो, शिकण्याच्या युक्त्या त्याला माहीत असतात, भाषेबद्दल तो माहिती देऊ शकतो, विद्यार्थी कुठे अडखळणार हे त्याला आधीच कळतं, त्याला कणव असते, आणि मुलांची भाषा त्याला येत असेल तर तिचा उपयोग करता येतो. पण मेद्येश यांनी दुसरी बाजूही झाकलेली नाही. असा शिक्षक आपल्या इंग्रजीला घाबरतो, म्हणून पुस्तकाच्या आणि व्याकरणाच्या आड लपतो. मुलांना हे लपणं पहिल्या आठवड्यात दिसतं. विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐका, ‘बाईंचे उच्चार मराठी आहेत’ यापेक्षा ‘बाई इंग्रजीत बोलतच नाहीत’ हेच जास्त ऐकू येईल.

टाळा: वाक्य वाचा, अर्थ सांगा, “कळलं का?”, “हो बाई!” धडा असाच संपवायची आपल्या शाळांतली रीत जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी लिहायला शिकवलं, तो उपकार मोठा आहे. पण तिथे भाषांतर विद्यार्थी करायचा. आता ते बाई करतात आणि विद्यार्थी ऐकतो. मराठी जरूर वापरा, पण ‘हॅड गॉन’सारखी गाठ सोडवण्यापुरती. गाठ सुटली की परत इंग्रजीत या. मकेरेरेचा ‘एकही परका शब्द नको’ हा हट्ट आणि आपला हा पूर्ण अनुवाद, दोन्हींत मुलाचं तोंड बंदच राहतं.

टाळा: उसना हेल. जेवायच्या सुट्टीत ‘वॉटर’ म्हणणारे सर तासाला ‘वॉडर’ म्हणू लागले की मागच्या बाकावर खसखस पिकते. बरं, ते सोंग अख्खा तास टिकतही नाही. पट्टी हरवली, कुणी दांडी मारली, की सरांचा मूळ हेल बाहेर येतो. स्पष्ट बोला, आघात योग्य अक्षरावर द्या, वेग आवरा. एवढं पुष्कळ आहे.

करा: न येणारा शब्द मुलांसमोर शोधा. मोबाइल काढा, शब्दकोश उघडा, उच्चार मोठ्याने ऐकवा, स्वतः म्हणा, मुलांना म्हणायला लावा. ‘उद्या सांगते’ म्हणून विषय बदलू नका. मुलं ‘उद्या’ विसरत नाहीत.

करा: बोलायचं कारण तयार करा. बोलायला लावण्यासाठी परदेशी शिक्षक लागतो, ही समजूत आपल्याच देशात खोटी ठरलेली आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांतून एक प्रकल्प चालवला. ‘बंगलोर प्रोजेक्ट’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: नकाशा वाचा, वेळापत्रकावरून गाडी ठरवा, हिशेब जुळवा. कामाच्या ओघात इंग्रजी वापरली गेली. मुलं साध्या शाळांतली, शिक्षक आपलेच. कामावर आधारलेलं अध्यापन हा शब्दप्रयोग आज परदेशी प्रशिक्षक आपल्याला कार्यशाळेत शिकवतात, त्याच्या मुळाशी हे वर्ग आहेत. उद्याच्या तासाला एसटीचं वेळापत्रक न्या. “लग्न बार्शीला, मुहूर्त साडेबाराचा, पुण्याहून कुठली गाडी पकडायची?” चर्चा इंग्रजीत. चुका होतील, भांडणंही होतील. भांडण इंग्रजीत झालं तर मध्ये पडू नका.

करा, परदेशी पाहुण्या शिक्षकांनी: मुलांची नावं नीट घ्यायला शिका. ज्ञानेश्वरचा ‘डॅन’ करू नका. “इट जस्ट साउंड्स राइट” हे उत्तर दिवसातून एकदाच वापरायची परवानगी घ्या. आणि इथल्या इंग्रजीला चूक म्हणण्याआधी चौकशी करा. ‘प्रीपोन’ इथे सगळ्यांना कळतं, आणि इंग्रजी शब्दकोशांनी तो शब्द घेतलेला आहे.

क्लासवाल्यांनी आणि संस्थाचालकांनी

टाळा: फ्लेक्सवर चेहरा, वर्गात दुसराच. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

टाळा: ‘विद्यार्थ्यांनाच नेटिव्ह हवेत’ ही सबब. इंग्रजी शिक्षकांच्या ‘टेसोल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९१ साली आणि पुन्हा २००६ साली ठराव करून जन्मभाषेवरून भेदभावाला विरोध केला. मागणी आहे म्हणून भेद करतो, असं मालक म्हणतो. मागणीचा निम्मा भाग त्याच्याच जाहिरातीने तयार केलेला असतो, हे तो सांगत नाही. सरकारंही यातून सुटलेली नाहीत. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला लागणारा व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यांना कुठल्याही विषयातली पदवी चालते. २०१० पासूनच्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीयांसाठी एक दार किलकिलं झालं, पण तिथे पदवीबरोबर शिकवण्याचं प्रमाणपत्रही मागतात. ज्याने भूगर्भशास्त्र शिकून इंग्रजी शिकवायची तो सरळ आत, आणि ज्याने शिकवण्याचं शिक्षण घेतलं तो जादा कागद घेऊन रांगेत.

करा: प्रमाणपत्र वाचा. बऱ्याच ‘सर्टिफाइड’ परदेशी ट्रेनरांकडे जे असतं, त्यातलं नावाजलेलं ‘सेल्टा’ हे सुमारे १२० तासांचं असतं आणि त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे सहा तास. चांगला कोर्स आहे, माझा त्याला आक्षेप नाही. आपलं बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, पण ते झालेला माणूस दहा मिनिटं सलग इंग्रजी बोलेलच याची हमी त्यातही नाही. दोघांनाही वर्गात उभं करून बघा आणि मगच नेमा.

करा: जोडी लावा. जपानने १९८७ साली ‘जेट’ योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या तुकडीत चार देशांतून ८४८ तरुण आले. स्थानिक शिक्षकाबरोबर परदेशी सहायक, अशी ती रचना. हाँगकाँगने १९९८ पासून माध्यमिक शाळांत आणि २००२ पासून प्राथमिक शाळांत नेटिव्ह शिक्षक नेमले. जपानचा धडा लक्षात ठेवा: जिथे दोघांनी मिळून तास आखला नाही, तिथे परदेशी सहायकाची तक्रार एकच राहिली, की आमचा मानवी टेपरेकॉर्डर केलाय. बाईंनी खूण केली की उतारा वाचायचा, मग खिडकीजवळ उभं राहायचं.

जोडी नीट जमली तर काय होतं, त्याचा एक नमुना. मराठी माणूस ‘पार्क’ म्हणतो आणि इंग्रजाला पुष्कळदा ‘बार्क’ ऐकू येतं. आपल्या शिक्षकाला यात काही खटकत नाही, तोही तसाच म्हणतो. खटकतं ते नेटिव्हला. तो म्हणतो, “नो, पार्क!” मुलगा म्हणतो, “पार्क.” “नो, नो, पार्क!” पाच वेळा हेच. मग मराठी शिक्षक पुढे होतो आणि मुलाला तोंडासमोर कागदाचा कपटा धरायला सांगतो. नेटिव्ह सरांच्या ‘पार्क’ला कपटा फडफडतो, मुलाच्या ‘पार्क’ला हलत नाही. “शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना थोडा हकार दे. ट-ठ, क-ख यांच्यात जेवढा फरक तेवढा नको, पण त्या वाटेवर जा.” मुलगा पुन्हा म्हणतो, कपटा हलतो, आणि नेटिव्ह सर टाळी वाजवतात. चूक एकाने ऐकली, ती सुधारली दुसऱ्याने. दोघांपैकी एकटा कुणी असता तर मुलगा ‘बार्क’वरच राहिला असता. म्हणून दोघांच्या वेळापत्रकात तास आखण्यासाठी एकत्र वेळ ठेवा, आणि त्या वेळेचे पैसे दोघांनाही द्या.

टाळा: अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘शिक्षकाचा अ‍ॅक्सेंट कसा वाटला?’ हा प्रश्न. विचारलं की तारे मोजले जातात, आणि तारे कुणाला कमी पडणार ते रुबिन यांच्या प्रयोगातून कळलेलंच आहे. त्या जागी हे विचारा: गेल्या आठवड्यात वर्गात तुम्ही स्वतः साधारण किती वेळ इंग्रजीत बोललात? तुमची कुठली चूक शिक्षकांनी दाखवली आणि ती आता सुधारली आहे? शंका विचारल्यावर कारण मिळालं, की नुसती दुरुस्ती? फॉर्म निनावी ठेवा, मराठीत उत्तर लिहायची मुभा द्या, आणि पहिल्या आठवड्यानंतर न घेता सहाव्या आठवड्यानंतर घ्या.